उरलेल्या तीन दिवसांची सरासरी

कोळेकर बाईंनी फळ्यावर तिसऱ्यांदा तेच उदाहरण मांडलं आणि चौथीच्या सातही पोरांनी तिसऱ्यांदा एका सुरात तेच उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. बाईंचं डोकं तापलं ते त्यामुळेच.

"बेरीज करायची आन भागायचं, बाई!"

"पण भागायचं कशाला?"

"सरासरी काढायला."

"आणि सरासरी म्हणजे काय?"

"बेरीज करून भागायचं!"

आता सांगा, यावर माणसानं काय करावं? बाईंनी खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले आणि एक गडगडत पहिलीच्या ओळीत गेला. तिथल्या सान्वीनं तो उचलून फ्रॉकला पुसला आणि बाईंना आणून दिला. पोरगी इतकी गुणी की तिच्यावर ओरडायचीसुद्धा सोय नव्हती.

नागोबाचीवाडीची शाळा एकशिक्षकी. सांगलीकडच्या द्राक्षपट्ट्यातली ही वाडी. पहिली ते चौथी मिळून तेवीस पोरं, एक खोली, एक व्हरांडा, मागं स्वयंपाकघर आणि या सगळ्याला मिळून एक विजयमाला कोळेकर. आजीचं नाव ठेवलेलं. बरोबरीच्या पोरी प्रियांका नि स्नेहल झाल्या, ही एकटी विजयमाला राहिली, आणि नावाला शोभेल असा हट्टही आजीकडूनच आला. साल होतं दोन हजार एकोणचाळीस. पोर्टलवर 'आलेख वाचतो', 'सरासरी काढतो' असे दोन रकाने होते. उत्तर बरोबर येतंय म्हणून बरोबरची खूण करून मोकळं व्हायला काहीच हरकत नव्हती. शेजारच्या शाळेतल्या मास्तरांनी ती जानेवारीतच केली होती. बाईंना मात्र ते जमेना. पोराला कळलं नाही आणि आपण कळलं म्हणून लिहायचं, हे त्यांच्या जिवावर यायचं.

त्यातून निघाली बेदाण्याची युक्ती.

फेब्रुवारी-मार्चात या भागात बेदाण्याच्या शेडवर माणसाला उसंत नसते. द्राक्षं सुकतात, निवडली जातात, हिरवा, पिवळा, काळा अशी प्रतवारी होते. बाया पहाटे साडेपाचला घर सोडतात ते दिवस मावळायला परत येतात. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या आया तिथंच. आई न्याहारीला काहीतरी झाकून गेलेली असते, कधी भाकरी, कधी नुसता चहा नि बटर. आणि खाली सांडलेला माल पोरांच्या खिशात. नागोबाचीवाडीत त्या दिवसांत कुणाच्याही खिशात हात घाला, बेदाणे निघणार.

बाईंनी सोमवारी गणिताच्या तासाला मोठी परात मधोमध ठेवली. "ज्याच्याकडं जेवढे असतील तेवढे मोजायचे आणि यात टाकायचे." कुणाचे ऐंशी निघाले, कुणाचे बारा, पहिलीतल्या एकाचा तर एकच, तोही चघळलेला. परात भरली. आता सगळ्यांना सारखे वाटा. तेवीस पोरं, सहाशे नव्वद बेदाणे. वाटणी झाली तेव्हा प्रत्येकापुढं तीस-तीसचा ढीग होता.

"बघा! कुणाचे ऐंशी होते, कुणाचे बारा. सगळे एकत्र करून सारखे केले तर तीस. हीच सरासरी. कळलं का भागायचं कशाला?"

आणि अहो, पोरांचे चेहरे उजळले! तीन आठवडे जे फळ्यावर होईना ते परातीत झालं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना आपापले तीस बेदाणे खायला लावले. मग रोजच बेदाणे आले, रोज वाटले, रोज खाल्ले. आज सात जणांची सरासरी, उद्या मुलींची वेगळी, मुलांची वेगळी. तास संपायचा पावणेबाराला, आणि पोरं जिभा चाटत व्हरांड्यात रांग लावायची, कारण बारा वाजता अंगठ्याची वेळ असायची.

अंगठ्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

पूर्वी अंगठा फक्त हजेरीपुरता होता. तीन वर्षांपूर्वी जुनं यंत्र गेलं आणि नवीन आलं. कागदावरचं त्याचं नाव चांगलं दोन ओळींचं होतं, पण गावानं 'पोटमाप' म्हणून मोकळं केलं. पोरानं काचेवर अंगठा ठेवला की खालून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश नखातून आणि मांसातून आरपार जातो. रक्तातली साखर त्यातला थोडा प्रकाश गिळते. किती गिळला गेला यावरून यंत्र साखर ओळखतं, त्यात नाडीचे ठोके आणि कातडीची ऊब मिळवतं आणि पोट किती भरलेलं आहे याचा शंभरपैकी आकडा काढतं. त्याला तृप्तांक म्हणायचं. सुई नाही, टोचणं नाही, दोन सेकंदांचं काम.

पण खिचडी शिजते एकाच पातेल्यात. तेवीस पोरांना तेवीस पातेली कोण लावणार? म्हणून यंत्र रोज सगळ्या पोरांची सरासरी काढतं आणि सोमवार ते शनिवार अशा सहा दिवसांची पुन्हा एक सरासरी काढतं. कुणाला एक दिवस ताप आला, कुणाकडं एक दिवस बारसं होतं, एवढ्यानं हिशेब बिघडू नये म्हणून. आठवड्याचा आकडा साठापर्यंत असला तर पुढच्या आठवड्यात तांदूळ-डाळीची बंद कोठी पुरा शिधा सोडते. साठाच्या वर गेला, तर पोरं घरी जेवून येतायत असं धरून तिसरा हिस्सा कमी. कोठीला कुलूप नाही, कारण उघडायला झाकणच नाही. खाली एक तोटी आहे, तिच्यातून यंत्राला वाटेल तेवढंच पडतं.

वाईट नव्हतं हो ते. अन्न वाया जायचं थांबलं, कुपोषणाचे आकडे उतरले. नागोबाचीवाडीचा आकडा पन्नास-पंचावन्नाच्या आसपास असायचा आणि पातेलं काठोकाठ भरायचं.

बेदाण्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी दुपारी केंद्रप्रमुख माळवदे साहेबांचा फोन आला. दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा हा माणूस एरवी फोन करायचा तो कुठली तरी माहिती आत्ताच्या आत्ता मागायला.

"मॅडम, अभिनंदन! गेल्या आठवड्याचा तृप्तांक सत्याहत्तर! तालुक्यात पहिला नंबर तुमचा. गावाचा सहभाग वाढवलात वाटतं?"

"कसला सहभाग, साहेब?"

"अहो, पोरं जेवून येतायत घरनं. यालाच म्हणतात जनजागृती. दोन ओळी लिहून पाठवा, वर पाठवतो."

फोन ठेवेपर्यंत गोकुळा मावशी दारात उभ्या. बारा वर्षं शाळेची खिचडी त्याच करत होत्या. हातात पातेलं धरून त्यांनी ते बाईंच्या नाकापुढं वाकडं केलं.

"हे बगा बाई. कोठीनं एवढंच सोडलंय. तेवीस पोरास्नी काय तळ चाटायला देऊ?"

बाईंनी नियमाप्रमाणे पहिला घास खाल्ला, चव नोंदवहीत 'चव उत्तम' लिहून सही केली आणि वाढायला बसल्या. एकेक डाव वाढला की पातेलं संपलं. पोरं ताटल्या घेऊन पुन्हा आली आणि रिकाम्या परत गेली. एकीनं तर ताटली पुढंही केली नाही. नुसती पातेल्याकडं बघितलं आणि जाऊन हात धुतले. ती शिवलीला बिरादार.

शिवलीला चौथीत. जतच्या पलीकडची, कानडी मुलखाच्या शिवेवरची. हंगामापुरती आईबरोबर यायची आणि हंगाम संपला की जायची. यंदा बाईंनी हातापाया पडून तिचं नाव वर्षभरासाठी इथंच ठेवून घेतलं होतं. पोरगी बोलायची कमी, भागाकारात हमखास अडखळायची, पण नजर अशी की परातीतला एक काळा बेदाणा लांबून दाखवायची. लहानपणापासून आईशेजारी बसून माल निवडलेला.

मंगळवारी शाळा सुटताना तिची आई महानंदा फाटकाशी आली.

"बाई, राग मानू नका. शाळंत पोटभर जेवण हाय म्हणून हिला इथं घातली. काल रातच्याला पोर भुकेनं झोपली न्हाई. सोमवारपास्नं मी हिला शेडवर नेतो. माझ्या डोळ्यांम्होरं चार घास खाईल, चार पेट्या निवडंल."

"अहो, एकदा शेडवर गेली की परत यायची नाही ती! मला माहीतय ना. गेल्या वर्षी दोघी गेल्या, आल्या का परत?"

"मग पोट भरा तिचं," महानंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सोमवारपत्तर बगतो. पातेलं भरलं तर राहू दे."

घरून भाकरी आणावी तर बाहेरचं शिजवलेलं अन्न शाळेत चालत नाही. मागं कुठं तरी विषबाधा झाली होती, तेव्हापासूनचा नियम. तरी बाईंनी बुधवारी गुपचूप एक भाकरी शिवलीलापुढं ठेवली. तिनं मान हलवली. "मला एकटीला नको, बाई." संपलं बोलणं.

त्या दिवशी अंगठ्यानंतरचा तास होता आलेखाचा. भिंतीवर चौकटीचा मोठा कागद लावलेला होता. त्यावर महिनाभर पोरांनी रोज दोन पट्ट्या रंगवल्या होत्या, निळी पट्टी तृप्तांकाची आणि तांबडी पट्टी खिचडीच्या डावांची. बाईंनी हे सुरू केलं होतं केवळ रोज ताजा आकडा मिळतो म्हणून. पुस्तकातल्या आलेखात रामूनं किती आंबे विकले असलं काहीतरी होतं, आणि रामूशी नागोबाचीवाडीचं काही देणंघेणं नव्हतं.

"सांगा बघू, सगळ्यात बुटकी निळी पट्टी कुठली?"

"जत्रेच्या दुसऱ्या दिवसाची! अडतीस!"

"का बरं?"

"सगळी उशिरा उठली, बाई. न्याहारी न करताच शाळंत आली."

"छान. आणि सगळ्यात उंच पट्ट्या?"

शिवलीला उठली, कागदाजवळ गेली आणि तिनं बोट ठेवलं.

"इथनं उंच झाल्यात. गेल्या सोमवारपास्नं. रोज उंचच. त्याच्या आदी एकबी एवढी न्हाई." बोट सरकलं. "आन ह्या सोमवारपास्नं तांबडी बुटकी झाली."

"बरोबर. मग गेल्या सोमवारी असं काय झालं?"

शिवलीलानं बाईंकडं बघितलं, मग खाली परातीकडं.

"बाई, तुमी बेदाणं सुरू केलंसा."

बाईंनी मनातल्या मनात वेळा जुळवल्या. पावणेबाराला तीस बेदाणे आणि बाराला अंगठा. बेदाणा म्हणजे साखरच. रिकाम्या पोटी खाल्ला की रक्तात भराभर चढते आणि भराभर उतरते, एकच्या जेवणाला पोट पुन्हा रिकामं. यंत्राला काय कळणार ती भाकरीची की बेदाण्याची? त्याला प्रकाश दिसला, त्यानं आकडा लिहिला. तालुक्यात पहिला नंबर! पोरांना सरासरी शिकवता शिकवता बाईंनी स्वतःच्या हातानं पोरांच्या ताटल्या रिकाम्या केल्या होत्या.

पोरांच्या खिशात उरलेले बेदाणेही बाईंनी परातीत टाकायला लावले आणि परात तिथंच टेबलाखाली ढकलली गेली. मधल्या सुट्टीत बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रीडिंग हातानं बदलायची सोय नाही. सोय असती तर प्रत्येकानं बदललं असतं."

"अहो, पण रीडिंग चुकीचं आहे!"

"चुकीचं कसं? साखर होती ना रक्तात? मग बरोबर आहे. आणि आता तुम्ही बेदाणे बंद केलेच आहेत. एक-दोन आठवड्यांत आपोआप येईल खाली."

"माझ्याकडं एक-दोन आठवडे नाहीत साहेब, माझ्याकडं सोमवार आहे!"

"सोमवारी काय आहे?" साहेबांनी विचारलं. बाईंनी शिवलीलाचं सांगितलं. साहेब म्हणाले, एका मुलीसाठी यंत्रणा थांबत नाही हो. वाईट माणूस नव्हता तो, आवाज खरंच पडला होता त्याचा. त्यामुळे तर बाईंची जास्तच चिडचिड झाली. तक्रारीच्या नंबरावर यंत्राचीच बाई बोलली आणि तिनं सतरा आकडी नोंदणी क्रमांक दिला.

आणि मग बाईंनी ती चूक केली. शिकवणाऱ्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती.

शेवटच्या तासाला पोरांनीच विचारलं, "बाई, मग आता पातेलं कवा भरणार?" बाई फळ्याकडं वळल्या. या आठवड्याचे तीन आकडे त्यांनी लिहिले, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, एकोणऐंशी. बेरीज दोनशे सदतीस. आणि खाली एकदम त्यांना दिसलं, की इथं किती सुंदर उदाहरण तयार झालंय! इतकं जिवंत, इतकं पोरांच्या गरजेचं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार? हात आपोआप लिहीत गेला.

गृहपाठ. आठवड्याचे सहा दिवस. तीन दिवसांची बेरीज २३७. उरलेल्या तीन दिवसांत रोज किती आकडा आला, तर आठवड्याची सरासरी ६० येईल?

घंटा झाली. पोरं एरवी गृहपाठ म्हटलं की कुरकुरायची. त्या दिवशी सगळी भराभर लिहून घेत होती, दुसरीतलीसुद्धा.

गुरुवारी सकाळी चौथीच्या सात वह्या टेबलावर आल्या. बाईंनी त्या उघडल्या नाहीत. त्यांना तक्रारीचा नऊ पानी अर्ज भरायचा होता, आणि नववं पान भरलं की तो पहिल्या पानावर जात होता. बारा वाजता पोटमापानं एकोणचाळीस दाखवला. बाई मनात म्हणाल्या, चला, बेदाणे बंद केल्याचा चांगलाच फरक पडला. तो आकडा पंचावन्नच्या किती खाली आहे याकडं त्यांनी बघितलंच नाही. महिनाभर आलेख वाचायला शिकवणारी बाई! नुसता अर्ज भरत बसली.

शुक्रवारी परिपाठात प्रार्थना चालू असताना सान्वी खाली बसली. बाई धावल्या. पोरीचे हात गार पडलेले. पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला.

"सान्वी, सकाळी काय खाल्लंस गं?"

सान्वीनं आधी शिवलीलाकडं बघितलं.

"काय न्हाई."

"आईनं काही ठेवलं नव्हतं?"

"ठिवलंतं. पर खायचं न्हाई. सरासरी आणायचीय."

बाई उठल्या त्या सरळ टेबलाकडं गेल्या आणि शिवलीलाची वही उघडली. भागाकार यावेळी अडखळला नव्हता. साठ गुणिले सहा, तीनशे साठ. वजा दोनशे सदतीस, एकशे तेवीस. भागिले तीन, एकेचाळीस. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'उत्तर: रोज ४१ पाहिजे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ३८ आले होते. त्या दिवशी कोणी न्याहारी केली नव्हती. म्हणून तीन दिवस कोणी न्याहारी करायची नाही. बारक्यांना बिनसाखरेचा चहा चालेल.'

"शिवलीला!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की गोकुळा मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

शिवलीला गोंधळून फळ्याकडं बघत होती. बुधवारचा गृहपाठ तिथं अजून तसाच होता.

"तुमीच दिला हुता, बाई."

गोकुळा मावशींनी कपाळाला हात लावला. बाईंना रडू फुटेल असं वाटलं आणि त्याच वेळी या तेवीसजणांना एकेक धपाटा घालावासा वाटला. त्यांनी सान्वीला मांडीवर घेतलं, परात बाहेर काढली, बेदाण्यांची मूठ तिच्या तोंडाशी नेली. सान्वीनं ओठ घट्ट मिटून घेतले. बाई दटावून बघत होत्या, समजावून बघत होत्या, पण ते ओठ बारा वाजून अंगठा होईपर्यंत उघडले नाहीत. आकडा आला अडतीस. त्यानंतर सगळ्या परातीचा फडशा पडला.

"उद्या असलं काही केलंत तर बघा," बाईंनी सुटताना बजावलं. "मी पोहे करून आणणार आहे. नियमाला गोळी घाला. उद्या सगळ्यांनी खायचं."

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला बाई भला मोठा डबा घेऊन आल्या. पहाटे उठून केलेले पोहे, वर शेंगदाणे, कोथिंबीर. झाकण काढलं तसा वास सगळ्या खोलीभर झाला. पोरांनी डब्याकडं बघितलं आणि मग एकमेकांकडं.

"बसा. ताटल्या घ्या."

कुणी हललं नाही.

"अंगठा नऊला हाय, बाई," शिवलीला म्हणाली. "अंगठा झाल्यावर खातो की."

"दीड तास? आत्ता खायचं!"

शिवलीला उठली आणि विचारल्याशिवाय फळ्याजवळ गेली. हे तिनं आजवर कधी केलं नव्हतं. खडू घेऊन तिनं लिहिलं, बोलत बोलत. "दोनशे सदतीस, आन एकोणचाळीस, आन अडतीस. तीनशे चौदा. आता आमी खाल्लं तर आज पंचावन्न येणार. म्हंजे तीनशे एकोणसत्तर. भागिले सहा." थांबली, ओठ हलले. "साडेएकसष्ट. दीड जास्त हुतंय, बाई. मग गुरुवारचं आन शुक्रवारचं उपाशी ऱ्हायल्यालं फुकट जाणार."

बाईंनी फळ्यावरची एकेक ओळ तपासली. चूक काढायला जागा नव्हती. हातचा विसरलेली नव्हती, भागाकार चुकलेला नव्हता. वर्षभर त्या ज्या पोरीनं तोंड उघडावं म्हणून झटत होत्या, ती आज फळ्यासमोर उभी राहून आपण उपाशी का राहायचं ते पटवून देत होती. आणि मागं बावीस पोरं मान डोलावत होती, त्यांनाही कळलं होतं. सरासरी म्हणजे काय, हे या घटकेला नागोबाचीवाडीच्या पहिलीतल्या पोरालासुद्धा कळलेलं होतं.

खायला लावलं, तर दोन दिवसांची भूक वाया आणि सोमवारी शिवलीला शेडवर. नाही लावलं, तर पोटाला चिमटा घेऊन बसलेली ही पोरं दीड तास बघत राहायची. बाईंनी यंत्राला शिव्या घातल्या, माळवदे साहेबांना घातल्या, सगळ्यात जास्त स्वतःला घातल्या. आणि डब्याचं झाकण लावलं.

"झोपा सगळी," त्या म्हणाल्या. "सतरंजीवर आडवी व्हा. कुणी पळायचं नाही, कुणी खेळायचं नाही."

दीड तास त्या दारात बसून राहिल्या. नऊला रांग लागली. तेवीस अंगठे झाले आणि पोटमापावर आकडे उमटले. आज सदतीस. आठवडा साडेअठ्ठावन्न. व्हरांड्यात एकच गलका झाला, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि मग डब्याचा तळ दिसेपर्यंत कुणी बोललं नाही. बाईंना एक घास गेला नाही.

सोमवारी कोठीची तोटी सुटली ती बराच वेळ वाजत राहिली. गोकुळा मावशींनी पातेलं दोन्ही हातांनी उचललं. महानंदा एक वाजता आली होती ती पोरीचं दप्तर घेऊन जायच्या तयारीनंच. फाटकाबाहेरून तिनं शिवलीलाला दुसऱ्यांदा वाढून घेताना बघितलं, मग तिसऱ्यांदा. "राहू दे मग," एवढंच बोलून ती शेडवर परत गेली. ती पहाटे साडेपाचला घर सोडते. तीन दिवस घरात काय झालं ते तिला माहीत नव्हतं, आणि तिला सांगायची बाईंची छाती झाली नाही.

पाठोपाठ साहेबांचा फोन. "मॅडम, सत्याहत्तरावरून साडेअठ्ठावन्न? आदल्या आठवड्यात पहिला नंबर आणि गेल्या आठवड्यात सगळ्यात मोठी घसरण तुमचीच. वरून विचारणा आलीय. लेखी खुलासा द्या, संध्याकाळपर्यंत."

"देते की," बाई म्हणाल्या.

खुलासा लिहायला त्यांनी कोरा कागद घेतला आणि तेवढ्यात शिवलीला टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात गुरुवारची ती वही.

"बाई, गृहपाठ तपासला न्हाई तुमी. सगळ्यांचा ऱ्हायलाय."

बाईंनी तांबडं पेन उघडलं. साठ गुणिले सहा. वजा दोनशे सदतीस. भागिले तीन. प्रत्येक पायरीपुढं त्यांनी बरोबरची खूण केली, शेवटच्या उत्तरापुढंही केली. खाली नेहमीप्रमाणे 'छान' लिहायला पेन टेकवलं, आणि ते तिथंच थांबलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

शिवलीला वाट बघत होती. चौथीत आल्यापासून तिचं गणित पहिल्यांदाच पूर्ण बरोबर आलं होतं.

"छान न्हाई लिवलं, बाई? कुठं चुकलं का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पोरीपासून लपवलेही नाहीत. "उत्तर बरोबर आहे तुझं. गणित चुकीचं मी घातलं होतं."

मग त्यांनी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला, तांबड्या खुणांसकट, आणि खुलासा म्हणून साहेबांना पाठवून दिला.